दाजींच्या अंगात मालवणी

भुतांवर माझा विश्वास नाही. भुतांच्या मालिकांवर मात्र आहे.

यातलं दुसरं वाक्य मी आजवर चारचौघांत उच्चारलेलं नाही, कारण साताऱ्यातली माझी जी काही थोडीफार अब्रू आहे ती सगळी पहिल्या वाक्यावर उभी आहे. ३१ वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. दर वर्षी सातवीच्या पोरांपुढं जिभेवर कापूर पेटवला, नारळातून करणी काढली, लिंबातून रक्त काढलं, पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीनचे थेंब टाकून 'मंत्रानं' होम पेटवला आणि शेवटी हात झटकून म्हणालो, "बाळांनो, चमत्कार नसतो, रसायन असतं." साताऱ्याच्या मास्तरानं हे करायचं नाही तर कुणी करायचं? डॉ. नरेंद्र दाभोलकर इथलेच. डॉक्टरकी शिकले मिरजेला, राहिले साताऱ्यात, आणि १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. त्यांची भाषणं ऐकत आमची पिढी मास्तर झाली.

अशा माणसानं रात्री साडेदहाला दार लावून, खोलीतला दिवा मालवून 'रात्रीस खेळ चाले' बघावी, म्हणजे शाकाहारी मंडळाच्या अध्यक्षानं मागच्या दारानं तांबडा रस्सा मागवण्यातला प्रकार.

सुरुवात २०१६ साली झाली. झी मराठीवर मालिकेचा पहिला भाग लागला तेव्हा मी बायकोला सांगितलं, "अभ्यास म्हणून बघतोय. शत्रुपक्ष काय करतो ते माहीत पाहिजे." कोकणातल्या आकेरीच्या वाड्यात अण्णा नाईक गेल्याची बातमी येते, पांगलेलं घर गोळा होतं आणि भानगडींना तोंड फुटतं. मुंबईहून आलेली नीलिमा, शिकलेली, भुताखेतांना न मानणारी, ही मला लगेच आपल्या पक्षाची वाटली. तिचं पुढं काय झालं हे ज्यांनी मालिका पाहिली त्यांना ठाऊक आहे. माझा पक्ष तेव्हापासून जरा अडचणीतच आहे.

२०१९ साली दुसरा भाग आला. हा मागचा काळ सांगणारा. पहिल्या भागात फोटोत गेलेले अण्णा आता चालते-बोलते, माधव अभ्यंकरांच्या त्या डोळ्यांसकट. आणि सोबत अपूर्वा नेमळेकरांची शेवंता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या सासुरवाडीच्या वाड्याच्या दारात पाणी यायच्या आदल्या दिवशी मेहुणा आपला कुटुंबकबिला घेऊन आमच्याकडं साताऱ्याला आला. शाहूपुरीतली आमची दोन खोल्यांची जागा आणि माणसं आठ. दिवसभर टीव्हीवर पुराच्या बातम्या आणि साडेदहाला अण्णा नाईक. पाण्याची भीती विसरायला भुताची भीती बरी पडायची.

या आठ जणांत माझ्या सासूबाई होत्या. आम्ही त्यांना मामी म्हणतो. वय तेव्हा ७८, साखर त्याहून बरीच वर. ऐकायला कमी येतं. त्या भिंतीला टेकून, हातात जपमाळ धरून मालिका बघायच्या. नेमकं संगीत वाढू लागलं, वाड्याचं दार करकरू लागलं, की "मला बाई भीती वाटते," असं पुटपुटत उठायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या. प्रसंग सरला की परत यायच्या, चेहऱ्यावर अपार शांती घेऊन. मी मेहुण्याला म्हणालो, "बघ, नामस्मरणानं मन कसं स्थिर होतं." मी, विज्ञानाचा मास्तर, हे म्हणालो.

त्याच आठवड्यात घरातले कंदी पेढे गायब होत होते. पाहुणे आले म्हणून मोती चौकातून किलोभर आणले होते. दोन दिवसांत डब्यात चार उरले. संशय अर्थातच मेहुण्याच्या मुलावर, म्हणजे माझ्या भाच्यावर. तेव्हा तो सातवीत होता. त्याला समोर बसवून मी निरीक्षण, अनुमान आणि निष्कर्ष या क्रमानं त्याची चोरी सिद्ध केली. पोरगं रडलं. "मामा, मी नाही खाल्ले," एवढंच म्हणत राहिलं. मी म्हणालो, "मग काय भुतानं खाल्ले?" सगळे हसले. मामीही हसल्या.

हे सगळं मी विसरून गेलो होतो.

गेल्या वर्षी निवृत्त झालो. निवृत्त मास्तर ही फार धोकादायक वस्तू असते. त्याच्याकडं वेळ असतो, लाल पेन असतं आणि तपासायला वह्या नसतात. मी ठरवलं, मालिका मोबाइलवर पुन्हा पहिल्यापासून बघायची, पण कथेच्या क्रमानं. म्हणजे आधी दुसरा भाग, मग पहिला, मग २०२१ चा तिसरा. दोनशे पानी वही आणली. मुखपृष्ठावर 'निरीक्षणे' लिहिलं. बायको म्हणाली, "साताऱ्याच्या आसपास शूटिंग झालेल्या एवढ्या मालिका आहेत, 'लागिरं झालं जी' आहे, 'देवमाणूस' आहे. आपल्या गावाकडचा खुनी सोडून कोकणातली भुतं कशाला?" तिचा मुद्दा बिनतोड होता, पण वही आणून झाली होती.

आणि खरं सांगतो, दुसऱ्यांदा बघताना ती मालिका वेगळीच निघाली.

पहिला शोध भाषेचा. पहिल्या वेळी निम्मं मालवणी माझ्या डोक्यावरून गेलं होतं. झील म्हणजे मुलगा हे आम्हा घाटावरच्यांना काय ठाऊक! कुणाचा झील मुंबईला गेला म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं तळं चालू लागायचं. चेडू म्हणजे मुलगी; मला वाटायचं, या घरात चेंडूच्या लग्नाची एवढी काळजी का? पण खरी फजिती पांडूच्या 'इसारलंय'नं केली. मला वाटायचं, हा गडी सारखी कुणाची तरी तक्रार सांगतोय. पोरगं विसरलंय, वासरू विसरलंय, असं काहीतरी. दुसऱ्या वेळी उमगलं की तिकडं 'मी विसरलो' यालाच 'इसारलंय' म्हणतात. म्हणजे अख्खी मालिका मी ज्याला तक्रारखोर समजत होतो, तो बिचारा कबुली देत होता.

बरं, हा पांडू साकारणारे प्रल्हाद कुडतरकर हे मालिकेच्या लेखकांपैकी एक. हे मला आधीही ठाऊक होतं, पण त्यातली गंमत आता कळली. ज्याला पुढचं सगळं माहीत आहे, त्यानंच सगळं विसरल्याचं सोंग घ्यायचं! मी वहीत लिहिलं : 'ज्याला काही कळत नाही असं वाटतं, त्याच्यावर लक्ष ठेवावे.' खाली लाल रेघ मारली.

दुसरा शोध विजेचा. रात्री आवाज आला की या वाड्यातलं माणूस उठतं आणि अंधारातच आवाजाच्या दिशेनं चालू लागतं. आधी दिवा लावावा, हे कुणालाच सुचत नाही. पहिल्या वेळी मी अंथरुणात पाय आखडून घेत होतो. आता शांतपणे लिहून काढलं : '१. आधी बटण दाबावे. २. ओरडू नये. ३. जवळ जाऊन निरीक्षण करावे.'

तिसरा शोध सातबाऱ्याचा. पहिल्यांदा मला ही भुताची गोष्ट वाटली होती. दुसऱ्यांदा बघतो तर ही चक्क वाटणीची गोष्ट. जमिनीचे कागद, कुणाला किती, कुणाला काहीच नाही, कुणाची नोंदच नाही. भुतं येतात ती मधूनमधून, तलाठी येतो तशी. वहीतलं माझं आवडतं वाक्य याच पानावर आहे : 'भूत म्हणजे इतर अधिकाराच्या रकान्यात नोंद न झालेला हक्कदार.' हे मी बायकोला वाचून दाखवलं. तिनं भाजी पुढं सरकवून विचारलं, "मीठ बरोबर आहे का?"

चौथा शोध माईंचा. शकुंतला नरे यांच्या माई पहिल्या वेळी मला दिसल्याच नव्हत्या. म्हणजे दिसत होत्या, पण भिंतीवरच्या कॅलेंडरसारख्या. डोळे सगळे अण्णांवर आणि शेवंतावर. दुसऱ्या वेळी पुढचं ठाऊक असल्यामुळं नजर मोकळी होती आणि ती आपोआप कडेला गेली. तिथं ही बाई चुलीपाशी, दाराआड, कुणाच्या तरी मागं उभी. सगळं बघतेय, सगळं ऐकतेय, आणि कुणी तिच्याकडं बघत नाहीये. वहीत नोंद केली : 'कडेला बसलेल्या म्हातारीकडे नीट बघावे.'

एवढी नोंद करून ती घरात लागू न करणारा माणूस म्हणजे मी.

महिन्याभरात दुष्परिणाम दिसू लागले. राजवाड्यापाशी भाजी घेताना बाईनं पडवळ पुढं केलं. मी तंद्रीत म्हणालो, "माका नको." ती म्हणाली, "मका न्हाई ओ काका आपल्याकडं, पलीकडच्या पाटीवर बघा." घरी फोन वाजला की मी "खय असा?" विचारू लागलो. बायकोनं मैत्रिणींना सांगितलं, निवृत्तीनंतर असं होतं म्हणे काही जणांना.

अशात सांगलीचं बोलावणं आलं. गावभागातला वाडा पाडून तिथं इमारत बांधायचा प्रस्ताव होता. मेहुणा आणि त्याचा चुलतभाऊ यांच्यात बोलणी व्हायची होती, मिळकतपत्रिकेवर माझ्या बायकोचंही नाव, म्हणून तिची सही हवी. आम्ही एक किलो कंदी पेढे घेऊन एसटीत बसलो. कराडपर्यंत बायको जागी होती. ती डुलकायला लागली तशी मी कानात यंत्रं घातली आणि मोबाइल काढला.

पेठ नाक्यावरून गाडी इस्लामपूरकडं वळली. प्रसंग रंगात आला होता. आणि मला कळेना, सगळी गाडी माझ्याकडं का बघतेय? कानातल्या यंत्रांचं चार्जिंग संपलं होतं आणि बाईच्या किंकाळ्या थेट फोनमधून बाहेर पडत होत्या. पुढच्या सीटवरचं लेकरू भोकाड पसरून रडू लागलं. कंडक्टर आला. मला बघून थबकला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "सर, तुम्ही?"

साताऱ्याच्या मास्तराला महाराष्ट्रात कुठंही पाप करता येत नाही. विद्यार्थी आधीच येऊन बसलेला असतो.

"सर," तो हळू आवाजात म्हणाला, "सातवीत तुम्हीच शिकवलेलं की, भूत नसतं म्हणून."

"अभ्यास म्हणून बघतोय," मी म्हणालो.

"बघा की. पण भुताला जरा आवाज कमी करायला सांगा."

सांगलीचा वाडा तुम्ही बघायला हवा. दारातून सोपा, सोप्यातून चौक, चौकाच्या कडेनं माजघर, माडीवर जायला काळोखा लाकडी जिना आणि जिन्याखाली फडताळ. एकेकाळी घरात हळदीची अडत. हरिपूरच्या पेवांत यांची हळद असायची. अजूनही पावसाळ्यात भिंतींना ओल आली की हळदीचा वास येतो असं मेहुणा सांगतो. सोप्याच्या भिंतीवर पुराच्या दोन रेघा आहेत, एक २००५ ची आणि तिच्या वर २०१९ ची. पोरांची उंची मोजतात तशी या घरानं नदीची उंची मोजून ठेवली आहे.

मामी माजघरात जपमाळ घेऊन बसल्या होत्या. आता ८४ वर्षांच्या. गुडघ्यांमुळं लग्नाकार्याला जाणं बंद, ऐकू येणं जवळजवळ बंद, गोड तर साफ बंद. पेढ्यांचा डबा बायकोनं त्यांच्या डोळ्यांदेखत जिन्याखालच्या फडताळात, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. मामींनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. माळ तेवढी जरा भरभर सरकली.

संध्याकाळी गल्लीतली पोरं जमली. माझी कीर्ती भाच्यानं पसरवून ठेवली होती. तो आता इंजिनिअरिंगला आहे आणि २०१९ चा प्रकार मनात न ठेवण्याइतका मोठाही झालाय, असं मला वाटत होतं. मी चौकात प्रयोग मांडले. कापूर पेटवला, नारळ फोडला. शेवटी दिवा मालवून टॉर्च हनुवटीखाली धरला. पोरं किंचाळली. मी दिवा लावून समजावलं : "आपल्याला चेहरा वरून उजेड पडलेला बघायची सवय असते. उजेड खालून आला की सावल्या उलट्या पडतात, ओळखीचा माणूसही भेसूर दिसतो. भूत हा सावल्यांचा हिशेब आहे. समजलं?" पोरांनी टाळ्या वाजवल्या. रात्री भडंग खात मी मेहुण्याला वैज्ञानिक दृष्टिकोनावर तासभर सुनावलं आणि माडीवर जाऊन, पांघरुणात, तीन एपिसोड बघून झोपलो.

रात्री दोनच्या सुमाराला जाग आली. या वयात मध्यरात्री जाग येते ती भुतामुळं नव्हे. बाथरूम खाली परसात. मी उठलो. बटण दाबलं नाही. का नाही दाबलं, याचं उत्तर माझ्याकडं नाही. आकेरीच्या वाड्यातल्या लोकांकडंही नसणार. अंधारात जिना उतरू लागलो. निम्म्यावर आलो आणि आवाज आला.

खस्स.

थांबलो. आवाज थांबला. एक पायरी उतरलो.

खस्स. खस्स.

जिन्याखालून येत होता. पाल असेल. उंदीर असेल. वहीतलं कलम तीन आठवलं, जवळ जाऊन निरीक्षण करावे. मी कठड्यावरून वाकून खाली पाहिलं.

अंधारात एक पांढरा चेहरा तरंगत होता. खालून उजेड. डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाकाची सावली कपाळावर, केस मोकळे. आणि तोंड हलत होतं. त्यानं वर पाहिलं. तोंड हलायचं थांबलं नाही.

सावल्यांचा हिशेब मला एका क्षणात मांडता आला असता. संध्याकाळीच तर मांडला होता. त्याऐवजी माझ्या तोंडून जे बाहेर पडलं, ते माझ्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी उच्चारलं नसेल.

"आवशीचो घो! माका सोड! माका सोड गो बाये! माका जावंक दी!"

"गप बसा," भूत दबक्या आवाजात म्हणालं. "मी आहे. मामी."

पण तोवर माडीवर धावपळ सुरू झाली होती. माजघरात बटणं खटाखट पडू लागली. आणि मग मी जे पाहिलं, त्यापुढं सगळे चमत्कार फिके. गुडघेदुखीमुळं सात वर्षांत एकाही कार्याला न गेलेल्या मामींनी बटणांच्या फोनचा टॉर्च विझवला, पेढ्यांचा डबा पदराखाली घेतला आणि तीन ढांगांत माजघर गाठून गोधडीत शिरल्या. दिवे लागले तेव्हा चौकात मी एकटा होतो, एका हातानं जिन्याचा कठडा घट्ट धरून दुसऱ्यानं रिकाम्या फडताळाकडं बोट दाखवणारा.

"दाजी, काय झालं? आणि हे काय बोलालाय?" मेहुण्यानं विचारलं.

मी माजघराकडं पाहिलं. मामी गाढ झोपेत घोरत होत्या. मग त्यांनी एकच डोळा उघडला, माझ्याकडं पाहिलं आणि गोधडीतून बाहेर आलेले दोन हात जोडले.

खरं सांगितलं असतं तर माझी अब्रू वाचली असती आणि ८४ वर्षांच्या बाईची उरलेल्या आयुष्यातली एकमेव मौज गेली असती. मी म्हणालो, "काही नाही. काही दिसलं नाही मला."

हे वाक्य फार चुकीचं निवडलं. काही न दिसता दोन वाजता मालवणीत ओरडणाऱ्या साताऱ्याच्या माणसाकडं सांगलीची माणसं ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेनं सगळे माझ्याकडं बघू लागले. बायकोनं तोंडाला पदर लावला. तो रडण्यासाठी की हसण्यासाठी, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

चुलत मेहुणा नाटकवेडा. भावे नाट्यमंदिरातला एक प्रयोग सोडत नाही. त्यानं खुर्ची ओढली, शांतपणे बसला आणि म्हणाला, "विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं 'सीतास्वयंवर' केलं. तेव्हापासून सांगलीत राक्षस राळ उडवत, अललडुर्र करत आरडाओरडा करालेत. पण मालवणीत ओरडलेला हा पहिलाच."

सकाळी शेजारच्या काकू आल्या. बातमी त्यांच्यापर्यंत दुधाच्या पिशवीबरोबर पोहोचली होती. त्यांनी मला पाटावर बसवलं. मी विरोध केला. आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध बोललो ते अंगावर कसं घेऊ? काकू म्हणाल्या, "बघा, विरोध करतंय. बाहेरचंच आहे." 'करतंय'! एका रात्रीत मी नपुंसकलिंगी झालो होतो. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या माझ्यावरून उतरून चुलीच्या ऐन जाळात टाकल्या. सगळे माझ्या तोंडाकडं बघू लागले. ठसका आला नाही.

"बघितलंत? दृष्ट भयंकर आहे. मिरचीचा वाससुद्धा नाही."

"काकू, ऐन जाळात मिरची भसकन जळून जाते," मी पाटावरून म्हणालो. "धुमसली तर ठसका लागतो. तुम्ही ती निखाऱ्यावर..."

"शुद्धीवर येतंय हळूहळू," काकू म्हणाल्या.

मामी खांबाला टेकून सगळं बघत होत्या. हातात जपमाळ. चेहऱ्यावर तीच, २०१९ ची, अपार शांती.

अकराला वाड्याची बैठक होती. बांधकामवाल्यांचा माणूस कागद घेऊन आला, चौकात पाय ठेवला आणि मिरच्यांची राख, मीठ-मोहरी बघून दारातच थबकला. काकूंनी त्याला बाहेर गाठून काय सांगितलं कोण जाणे. पण त्यानं चहाही घेतला नाही. चुलत मेहुणा नाटकवेडा असला तरी व्यवहारी; तो म्हणाला, "आज नको सही. घरात असलं काही झाल्यावर कशाला? अमावस्या जाऊ दे." मेहुण्यानं मान डोलावली. विषय दिवाळीनंतरवर गेला.

म्हणजे बघा. ३१ वर्षं अंधश्रद्धा घालवण्यात गेली आणि सांगलीच्या गावभागात झपाटलेला म्हणून बोलबाला झालेला वाडा तयार केला तो मी, एका रात्रीत, कसलंही रसायन न वापरता. भूत, वाटणी, वाडा आणि न झालेली सही. आकेरीत जे करायला एवढे एपिसोड लागले, ते मी एका किंकाळीत उरकलं.

दुपारी सगळे लवंडले तेव्हा मी माजघरात मामींजवळ जाऊन बसलो. मोबाइलवर पहिला भाग लावला. आवाज कमी ठेवला होता, तरी त्या म्हणाल्या, "एवढा मोठा कशाला? ऐकू येतंय मला."

मी त्यांच्याकडं पाहिलं.

"कमी ऐकू येतं असं म्हटलं की लोक पुढ्यात बसून सगळं बोलतात," त्या म्हणाल्या. "या वाड्याचं काय काय ठरलंय ते मला कळलं कसं असतं?"

"मग रात्री मी ओरडलो तेव्हा..."

"पेढ्यासाठीच उठले होते हो. तुमच्या ओरडण्याचं मी काही ठरवलं नव्हतं." त्यांनी माळ ओढली. "पण ओरडलात ते बरं केलंत. दिवाळी याच वाड्यात होईल. भूत त्या मानानं बरं जावईबापू, वाटणी मागत नाही."

पडद्यावर दार करकरलं. संगीत वाढलं. मामी सवयीनं म्हणाल्या, "मला बाई भीती वाटते," आणि फडताळाकडं बघून उठायला लागल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की आज समोर मी आहे. त्या परत बसल्या.

मी मोबाइल बंद केला. सहा वर्षांपूर्वीची साताऱ्यातली खोली पुन्हा डोळ्यांपुढं आली. आठ माणसं, टीव्हीचा निळा उजेड, सगळ्यांचे डोळे अण्णांवर, आणि कडेला भिंतीला टेकलेली एक म्हातारी नेमक्या वेळी उठून स्वयंपाकघरात जाते. सगळं माझ्यासमोर घडलं होतं. भीतीच्या प्रसंगी तिकडं कोण बघतंय, हा हिशेब मामींचा अचूक होता. दोनशे पानी वहीत असलं एकही निरीक्षण नाही.

आणि डब्यात उरलेल्या चार पेढ्यांसमोर उभं राहून रडणारं सातवीतलं पोरगंही आता नीट दिसलं.

साताऱ्याला परतल्यावर मोती चौकातून एक किलो कंदी पेढे घेतले आणि पुढच्या रविवारी भाचा कामानिमित्त आला तेव्हा डबा त्याच्या हातात दिला. त्यानं डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"मामा, हे कशाबद्दल?"

मामींना वचन दिलं होतं. मी खिडकीबाहेर अजिंक्यताऱ्याकडं बघितलं, डोकं खाजवलं आणि म्हणालो, "इसारलंय."